फुटलेल्या अंजिरांचा जाम

आमचा पुरंदर तालुका अंजिरांचा. दिवे घाट चढून वर आले, की सासवडच्या बाजूला अंजिराच्या बागा लागतात. या फळाचे नाव मोठे आहे. २०१६ साली ‘पुरंदर अंजीर’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या मुलखातले अंजीर या नावाने विकता येत नाही.

नाव मोठे, पण फळ फार नाजूक. आंबा कच्चा उतरवला तरी अढीत पिकतो. अंजिराचे तसे नाही. ते झाडावरच पिकावे लागते, आणि पिकले की दोन दिवसांत खपावे लागते. पहाटे तोडायचे, पाटीत पानांवर मांडायचे, की लगेच बाजार गाठायचा. मिठ्या बहाराची फळे उन्हाळ्यात येतात. त्या दिवसांत एखादा अवकाळी पाऊस झाला, की पिकत आलेली अंजिरे तडकतात. तडकलेल्या फळाला भाव कोण देणार?

असाच एकदा एप्रिलमध्ये रात्री पाऊस झाला. सकाळी शेजारच्या आक्का अंगणात आल्या. डोक्यावर पाटी होती.

“गुरुजी, दोन पाट्या फुटल्या बघा. खताचं पैसं तरी निघतील असं वाटलं हुतं. आता म्हशीपुढं टाकते.”

आमची मंडळी आतून म्हणाली, “आक्का, टाकू नका. जाम करू.”

जाम म्हणजे फळाचा गर साखरेत आटवून केलेला घट्ट मोरंबाच म्हणा. पोळीला लावावा, भाकरीशी खावा. तो कसा करायचा, ते सांगतो. आधी आमची फजिती झाली होती, तीही सांगतो.

पहिले काम निवडण्याचे. फुटलेले फळ वेगळे आणि नासलेले फळ वेगळे. आज सकाळी तडकलेले अंजीर चालते. कालचे चालत नाही. फळ उलगडून पाहा आणि वास घ्या. ताडीसारखा आंबूस वास आला, फेस दिसला किंवा आत काळी भुकटी दिसली, तर ते फळ टाका. एका फळाचा लोभ करून सगळे पातेले घालवू नये. कच्चे फळही घेऊ नका. त्याच्या देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला खाजतो आणि तोंडाला झोंबतो. देठ काढण्याआधी हाताला थोडे खोबरेल लावलेले बरे.

अंजीर चिरले, की आत बारीक बारीक तंतू दिसतात. ती त्याची फुले! उंबराचे फूल कोणी पाहिले नाही, असे आपण म्हणतो. अंजीर उंबराच्याच कुळातले. दोघांची फुले फळाच्या पोटात असतात, म्हणून ती बाहेरून दिसत नाहीत.

आता माप. देठ काढलेली अंजिरे १ किलो. साखर पाऊण किलो, म्हणजे ७५० ग्रॅम. रसरशीत लिंबे तीन, त्यांचा रस साधारण ५० ग्रॅम भरतो. बाकी काही नको. पाणीसुद्धा नको.

फळे धुवून, फडक्यावर कोरडी करून बारीक चिरा. त्यांत साखर कालवा आणि तासभर झाकून ठेवा. साखर फळातले पाणी ओढून घेते, आणि पातेल्यात आपोआप रस सुटतो. पातेले स्टीलचे आणि जाड बुडाचे घ्या. बिनकल्हईचे पितळेचे भांडे घेऊ नका. लिंबाने ते कळकते, आणि कळकलेले पोटात जाणे वाईट.

आधी मंद आच ठेवा. साखर पुरती विरघळली की आच थोडी वाढवा आणि ढवळत राहा. गर दाटू लागला की लिंबाचा रस घाला. मग मात्र पातेले सोडून जाऊ नका. जाम बुडाला लागतो, आणि करपल्याचा वास सगळ्या जामाला येतो. वर रटरटून शिंतोडे उडतात. ते उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त भाजतात, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या आणि पोरांना चुलीपासून लांब बसवा.

झाला हे कसे ओळखावे? एक ताटली गार करून ठेवा. तिच्यावर थेंबभर जाम टाका. निवला की मधून बोट ओढा. रेघ तशीच राहिली तर झाला. रेघ भरून आली तर अजून आटवा.

आणखी एक खूण आहे. ती तुम्ही पाटीवर मांडून पाहा. आधी रिकाम्या पातेल्याचे वजन करा आणि ते लिहून ठेवा. मग १००० ग्रॅम फळ, ७५० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम रस. बेरीज १८०० ग्रॅम. जाम होत आला की पातेल्यासकट वजन करा, आणि त्यातून पातेल्याचे वजन वजा करा. १३५० ग्रॅमच्या आसपास उरले की पातेले उतरवा. मधले ४५० ग्रॅम कुठे गेले? ते पाणी होते. वाफ होऊन गेले.

हे पाणी जाणेच महत्त्वाचे. इथेच आमची फजिती झाली होती. पहिल्या वर्षी मला वाटले, अंजीर मुळातच गोड. त्याला एवढी साखर कशाला? मी घरात हट्ट धरला आणि साखर निम्मी केली. आटवायचाही कंटाळा केला. बरण्या भरल्या. दहा-बारा दिवसांनी झाकण उघडले, तर वर पांढरी बुरशी! मी म्हटले, वरचे काढून टाकू, खालचे खाऊ. मंडळींनी ऐकले नाही. सगळे उकिरड्यावर ओतले. तिचेच बरोबर होते. बुरशीचे धागे खालपर्यंत गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

तेव्हा मला कळले. साखर इथे गोडीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. बुरशी हाही जीवच. त्याला जगायला पाणी लागते. भरपूर साखर असली, की ती उरलेले पाणी धरून ठेवते आणि बुरशीला मिळू देत नाही. लोणच्यात मीठ हेच काम करते. लिंबाचेही तसेच आहे. अंजिरात आंबटपणा फार थोडा. लिंबाने चव तर येतेच, पण जाम नीट धरतो, आणि पुढे साखरेचे खडे होत नाहीत. म्हणून साखर चोरू नका, आणि लिंबूही चोरू नका.

गूळ चालेल का, असे आक्कांनी विचारले. चालतो, पण जाम काळपट होतो आणि कमी टिकतो. आठवड्यात संपवायचा असेल तर करा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी मात्र साखरेच्या काय नि गुळाच्या काय, दोन्ही जामांना हात लावू नये.

बरण्या काचेच्या घ्या. त्या आणि झाकणे दहा मिनिटे पाण्यात उकळा, मग पालथ्या घालून पुरत्या कोरड्या करा. जाम गरम असतानाच भरा. भरताना बरणी लाकडी पाटावर ठेवा. गार फरशीवर ठेवली तर तडकेल. अशी बंद बरणी अंधाऱ्या, गार जागी सहा महिने राहते. उघडल्यावर महिन्यात संपवा, आणि चमचा कोरडा घाला. ओला चमचा गेला की सगळी मेहनत गेली.

जाम बाजारात विकायचा असेल, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते. घरच्यापुरता करायला कसली अडचण नाही.

बरणीवर चिठ्ठी लावायला विसरू नका. तिच्यावर तीन गोष्टी लिहा: आत काय आहे, किती आहे, आणि कोणत्या दिवशी केले. महिन्याभराने सगळ्या बरण्या सारख्याच दिसतात.

त्या दिवशी आक्कांच्या दोन पाट्यांतून निवडून सहा किलो अंजिरे निघाली. आठ किलोच्या वर जाम झाला. चिठ्ठ्या लिहायला मी लेखणी घेतली, तर आक्का म्हणाल्या, “द्या इकडं. मी लिव्हते.” पहिल्या चिठ्ठीवर ‘अंजिर’ लिहिले, म्हणजे जि ऱ्हस्व. मी काही बोललो नाही. दुसरी चिठ्ठी लिहिताना त्या थांबल्या, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले, आणि जी दीर्घ काढला. मग पहिली चिठ्ठी सोलून काढली आणि नवी लावली. त्यातली एक बरणी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने त्यांच्या लेकीकडे भोरला गेली.