मातेची विश्रांती, मातेची तपासणी : गर्भावस्थेतील मधुमेहाविषयी एक अभ्यास

मातेच्या आरोग्याचा प्रश्न आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांना भेटतो तो मुंबईच्या कायदे कौन्सिलात. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेस विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची बाब आहे. म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रीच्या श्रमातून नफा मिळविणाऱ्या मालकासही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. देशातील तो या प्रकारचा पहिला कायदा होय. गर्भवतीची काळजी हा घरचा खासगी मामला नसून समाजाचे कर्तव्य आहे, हा धडा त्यातून आपण घ्यावयाचा आहे. गर्भावस्थेतील मधुमेहाचा विचार आम्ही याच दृष्टीने येथे करीत आहोत.

आजार कसा होतो?

गरोदरपणात वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते. मातेचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचेच स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करू लागते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते व प्रसूती अवघड होते. जन्मानंतर मातेकडून येणारी साखर एकाएकी थांबते, इन्सुलिन मात्र जादाच असते. त्यामुळे नवजात बाळाची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. मातेस रक्तदाब वाढण्याचा धोका असतो तो वेगळाच.

हा कार्यकारणभाव समजला म्हणजे काही गैरसमज आपोआप गळून पडतात. "गोड खाल्ले म्हणून झाले" असे म्हणून सुनेस दोष देणे अन्यायाचे आहे. हा केवळ सुखवस्तू, स्थूल स्त्रियांचा रोग आहे, हेही खरे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात तेथील बाळे वजनाने कमी, तरी अंगातील चरबीच्या प्रमाणात तुलनेने मागे नसलेली आढळली. सडपातळ अंगकाठी म्हणजे मधुमेहापासून अभय नव्हे.

तपासणी

या आजाराची लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. म्हणून तपासणी हाच एक मार्ग उरतो. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती दोनदा करावयाची असते : गरोदरपणातील पहिल्याच भेटीत, आणि ती निर्दोष आल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयास देतात व दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानला जातो. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची अट नाही. दूरच्या वस्तीवरून पायी वा एसटीने येणाऱ्या भगिनीस ही सोय लहान नव्हे.

उपचार

प्रथम दोन आठवडे आहार व चालण्याचा व्यायाम यांवर भर असतो. "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा" हा सल्ला येथे उपयोगाचा नाही, उपासमारही नको. थोडे थोडे, पण वेळेवर खावे. भाकरी, उसळ, पालेभाजी, अंडी हे आपले नेहमीचेच अन्न योग्य प्रमाणात चालते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने मात्र काही साधत नाही. गूळही साखरच वाढवितो. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली न राहिल्यास डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनची भीती बाळगू नये. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि घरचे निर्धास्त होतात. येथेच चूक घडते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी, व पुढेही ठरावीक काळाने ती करीत राहावे. कारण अशा मातेस पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो.

विश्रांती कोणास मिळते?

१९६१ च्या प्रसूती-लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. परंतु मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या ऊसतोड भगिनीपर्यंत ती प्रत्यक्षात पोहोचत नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. पावसाळ्याच्या तोंडी जिला दिवस गेले, तिचे २४ ते २८ आठवडे नेमके फडात येतात, आणि दुसरी तपासणी राहून जाते.

निवासी शाळा ज्यांच्या लेकरांना सांभाळतात, त्यांच्यापैकी कित्येक माता याच फडांवर असतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : आपल्या वस्तीतील गर्भवती भगिनीची पहिली तपासणी गाव सोडण्यापूर्वी झाली का, हे विचारा. तिचे माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या सोबत जाऊ द्या. दुसरी तपासणी कोणत्या आठवड्यात करावयाची, ते त्यावर ठळक लिहून द्या. कारखान्याजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे, हे तिच्या पतीसही सांगा. एक दिवसाचा खाडा पत्करूनही ही तपासणी करावी, हे त्यास पटवा. तो खाडा मातेच्या माथी बसू नये, यासाठी आवाज उठविणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.