डिझेल इंजिनाचा दाब : घरच्या घरी तपासणी

रब्बीची पिके ऐन पाण्यावर आलेली असताना विहिरीवरील डिझेल इंजिन सुरूच होऊ नये, हा प्रसंग अनेक शेतकरी बांधवांच्या परिचयाचा आहे. हॅण्डल मारून हात भरून येतात. पांढरा धूर तेवढा निघतो. अशा वेळी घाईने इंजिन खोलले जाते. वस्तुतः दोष कोठे आहे, हे इंजिन न खोलताही बहुधा ओळखता येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने दाबली गेली, की ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. हवा कोठून निसटली, तर पुरेशी उष्णता निर्माण होत नाही.

प्रथम टाकीत डिझेल आहे व नळीत हवा अडकलेली नाही, याची खात्री करावी. नंतर इंधनाचा पुरवठा बंद करून, दाब सोडण्याची तरफ मिटवून, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. निरोगी इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ते जोराने अडते व मागे उसळते. ते सहज पुढे गेले, तर दाब कमी आहे असे समजावे. मात्र तरफ पुरती मिटली आहे व टॅपेटची फट माहितीपुस्तिकेप्रमाणे आहे, हे आधी पाहावे. फट नसल्यास झडप उघडीच राहते.

चाक अडते त्या ठिकाणी जोर लावून कान द्यावा :

१) हवेच्या गाळणीपाशी फुसफुस – आत घेणारी झडप सदोष.
२) सायलेन्सरच्या तोंडाशी – धूर सोडणारी झडप सदोष.
३) तेल ओतण्याच्या तोंडाशी – दट्ट्याच्या रिंगा झिजलेल्या.
४) थंड ठेवणाऱ्या पाण्यात बुडबुडे – बहुधा हेडचे गॅस्केट फाटलेले.

संशय उरल्यास इंजेक्टर काढून चहाचा एकच चमचा इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे व इंजेक्टर बसवून चाक पुन्हा फिरवावे. अडण्याचा जोर वाढला, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा. न वाढल्यास झडपांचा वा गॅस्केटचा. तेल जास्त ओतू नये. ते दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो.

झडपा घासून बसविणे हे रिंगा बदलण्याहून सामान्यतः कमी खर्चाचे काम आहे. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. झिजेचे मोठे कारण धूळ होय. हवेची गाळणी वेळच्या वेळी स्वच्छ केल्यास ऐन हंगामातील हा खोळंबा पुष्कळसा टळेल.