तारेतील खरखर

रात्रीची वेळ आहे. आजोबा रेडिओच्या मध्यम लहरींवर बातम्या ऐकत आहेत. तुम्ही शेजारी मोबाइलचा चार्जर जोडला मात्र, निवेदकाचा आवाज खरखरीत बुडून गेला! चार्जर काढताच आवाज पुन्हा स्वच्छ. रेडिओला तर कोणीच हात लावला नाही. मग हा खोडसाळपणा कोणाचा?

घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. रेडिओच्या दृष्टीने ही गती फारच मंद. तिचा उपद्रव नाही. परंतु चार्जरमधील इलेक्ट्रॉनिक कळ विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडते व तोडते. प्रवाह असा झटक्याने बदलला, की विद्युतचुंबकीय लहरी उठतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्‌झ याने १८८७ च्या सुमारास ठिणग्या पाडून अशाच लहरी निर्माण केल्या होत्या. त्याने जे मुद्दाम केले, ते चार्जर नकळत करतो. आणि त्याची लांब तार एरियल होऊन त्या लहरी घरभर पसरवते.

संगणकाच्या तारेवर टोकाशी एक काळा, फुगीर गोळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोटात फेराइटचे कडे असते. लोखंडाच्या ऑक्साइडात इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून, मडक्याप्रमाणे भट्टीत भाजून ते तयार करतात. विजेच्या दोन्ही तारा या कड्यातून एकत्र जातात. एकीतून प्रवाह जातो, त्याच वेळी दुसरीतून परततो; त्यामुळे दोहोंचे चुंबकीय परिणाम परस्परांना पुसून टाकतात आणि कड्याला त्यांची जाणीवही होत नाही. बाहेर पसरणारी खरखर मात्र बहुतांशी दोन्ही तारांतून एकाच दिशेने धावते. तिला कडे अडवते व तिची अल्पशी उष्णता करून टाकते. गंमत अशी, की तार कड्यातून तीनदा ओवली, तर अडथळा तिप्पट नव्हे, जवळजवळ नऊपट होतो!

घरी बातम्या चुकल्या, तर फारसे बिघडत नाही. पण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनपासून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर या दुर्बिणीने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. अशा लहरी अत्यंत क्षीण असतात. जवळच्या विजेच्या खांबावरील एखादा सैल सांधा ठिणग्या उडवू लागला, तरी त्या खरखरीत त्या हरवू शकतात. तेथे फेराइटचे कडे उपयोगी पडत नाही. लाइनमनने खांबावर चढून तो सांधाच आवळावा लागतो.