बंदराची वाट आणि शासनाचे उत्तरदायित्व

तंजावरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव आहे. येथून समुद्र दिसत नाही. तरीही बंदरांचा विचार या गावापासून आरंभणे सयुक्तिक ठरेल. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ मध्ये येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न आणि निवारा मिळे. अशा छत्रांना केवळ इमारत देऊन राज्यकर्ते थांबत नसत. त्यांच्या नित्य खर्चासाठी जमिनींचे उत्पन्न तोडून दिलेले असे. इमारत एकदाच बांधावी लागते, पंगत मात्र रोज वाढावी लागते, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

बंदराचेही तसेच आहे. धक्का बांधला, लाटा अडविणारी भिंत घातली, की बंदर पूर्ण झाले असे आपण मानतो. वस्तुतः बंदराचा प्राण धक्क्यात नसून, खोल पाण्यापासून धक्क्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असतो. भरती-ओहोटी, किनाऱ्यालगतचे प्रवाह आणि पावसाळ्यातील ओढे या वाटेत सतत गाळ आणून टाकतात. गाळ वेळच्या वेळी उपसला नाही, तर ओहोटीच्या वेळी नावा आत येऊ शकत नाहीत. मासळी घेऊन आलेल्या माणसांना पाणी चढेपर्यंत बाहेर तिष्ठत राहावे लागते. वादळी हवेत हेच तिष्ठणे जिवावर बेतते.

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ही अडचण विशेष तीव्र आहे. हा किनारा पाल्क उपसागराचा. श्रीलंकेच्या आडोशामुळे येथे लाटा सौम्य, पण पाणी उथळ, तळ चिखलाचा. अदिरामपट्टिनम, मल्लिपट्टिनम, सेतुभावाछत्रम् ही येथील मच्छीमारांची ठाणी. त्यांतील शेवटच्या नावात मराठी वाचकाला ‘छत्र’ सहज ओळखू येईल. मल्लिपट्टिनमजवळ सरफोजींनी नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून उभारलेली उंच वास्तू आजही ‘मनोरा’ याच नावाने ओळखली जाते. १७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीच्या हाती गेला होता. त्यामुळे छत्रांची काळजी राजाकडे राहिली आणि किनाऱ्याचा कारभार मात्र दुसऱ्याकडे गेला. जबाबदारीची ही विभागणी पुढेही निराळ्या रूपाने टिकून राहिली.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मोठी बंदरे संघसूचीत आहेत, इतर बंदरे समवर्ती सूचीत आणि मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत. मोठ्या बंदराला जहाजांकडून शुल्क मिळते आणि त्यातून त्याचा मार्ग खोल राखता येतो. मासेमारीच्या लहान बंदराला असे उत्पन्न नसते. त्यासाठी केंद्राचे अनुदान येते, बांधकाम राज्याकडे असते, गाळ उपसण्यासाठी किनारी क्षेत्राचे नियम पाळावे लागतात. प्रत्येक खात्याचे काम ठरलेले असते. वाट उघडी आहे की नाही, याचे उत्तर देणारा कोण, एवढेच ठरलेले नसते.

राज्याला समुद्रतळ खोदता येत नाही, असे नव्हे. २००५ मध्ये सेतुसमुद्रम् जहाज-कालव्याचे काम सुरू झाले. सुमारे १६७ किलोमीटर लांबीचा, बारा मीटर खोलीचा तो मार्ग दूरच्या जहाजांसाठी होता. न्यायालयीन वादात तो अडकला आणि काम थांबले. त्याच्या योग्यायोग्यतेत येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र मच्छीमाराला हवी असलेली वाट त्या मानाने किती लहान आहे, हे ध्यानात घ्यावे.

या दुर्लक्षाची किंमत संकटकाळी कळते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ या भागावरून गेले. ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागातील नारळीच्या बागा आडव्या झाल्या आणि किनाऱ्यावर नांगरलेल्या नावा एकमेकींवर आदळून फुटल्या. अशा वेळी बंदर आश्रयस्थान ठरायचे असेल, तर त्याची वाट आणि आतली खोली वादळापूर्वीच राखलेली असावी लागते. वादळानंतर दिलेली भरपाई आवश्यकच. पण ती देखभालीची जागा घेऊ शकत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्यांना लाभ होतो त्यांनीच खर्च द्यावा. पण दुर्गम खेड्याच्या रस्त्याचा खर्च आपण तेथील बैलगाड्यांकडून वसूल करीत नाही. किनाऱ्यावरील वस्तीला समुद्राची वाट हाच रस्ता होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाट खोल केली की तिचा अधिक लाभ यांत्रिक ट्रॉलरना मिळतो, वाळूवर नाव ओढणाऱ्याला नव्हे. शिवाय याच समुद्रात सागरी गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर जगणाऱ्या समुद्रगायीसाठी २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरांचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले आहे. उपसलेला गाळ त्या कुरणांवर टाकला, तर माशांची पैदासच खुंटेल. म्हणून गाळ कोठे आणि किती काढावा, तो कोठे टाकावा, हे लहान नावांच्या धन्यांनाही विचारून ठरविले पाहिजे.

यावरून शासनाच्या उत्तरदायित्वाची तीन अंगे दिसतात. बांधकामाच्या मंजुरीबरोबरच देखभालीची वार्षिक तरतूद करावी; वाटेची खोली नियमित मोजून तिचा आकडा धक्क्यावर लावावा; आणि ती घटली तर कोणी, किती दिवसांत काय करायचे, हे एका अधिकाऱ्याच्या नावे नेमून द्यावे. यांपैकी एकही गोष्ट अवघड शास्त्राची नाही. ओरत्तनाडुच्या छत्रात पंगतीची सोय आधी करून मगच दार उघडले गेले. बंदराच्या बाबतीतही उद्घाटनाची कोनशिला बसविण्यापूर्वी पुढील वर्षीचा गाळ कोण काढणार, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.