न कळणारं कॉमिक्स वाचताना : ‘डूम पट्रोल’च्या निमित्ताने



मूल पुस्तक मिटून “मला काहीच कळत नाही” म्हणालं की आपण काय करतो? शब्दांचे अर्थ सांगतो, नाहीतर सोपं पुस्तक हातात देतो. पण काही पुस्तकं न कळताही सोडवत नाहीत. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं असेल, तर आपण मोठ्यांनीच एकदा पूर्ण अनोळखी प्रदेशात शिरून बघावं. त्यासाठी मी सुचवेन ‘डूम पट्रोल’. (पट्रोल म्हणजे गस्त. गाडीत घालतो ते नव्हे!)

डीसी कॉमिक्सची ही टोळी पहिल्यांदा 1963 मध्ये छापली गेली. 1987 मध्ये तिची नवी मालिका निघाली आणि 1989 मध्ये, 19 व्या अंकापासून, ग्रँट मॉरिसन हा स्कॉटिश लेखक ती लिहू लागला. 1993 मधल्या 63 व्या अंकापर्यंत त्याने लिहिली. बहुतेक चित्रं रिचर्ड केसची. म्हणजे नवा वाचक शिरतो तोच 19 व्या अंकात. आधीची टोळी विखुरलेली, आणि मागचं सगळं कोणी सांगत बसत नाही.

मग समोर येतं ते असं. क्लिफ स्टील हा मोटार शर्यतीतला चालक. अपघातानंतर त्याचा फक्त मेंदू उरला आणि तो यंत्रमानवाच्या शरीरात बसवला. क्रेझी जेनमध्ये 64 व्यक्तिमत्त्वं आहेत आणि प्रत्येकाची शक्ती वेगळी. डॅनी नावाचा तर चक्क एक रस्ता आहे! त्याला मन आहे, आणि तो हव्या त्या शहरात जाऊन बसतो. कात्रीवाले येतात आणि माणसांना वास्तवातून कापून काढतात. एक चित्र अख्खं पॅरिस गिळतं.

गोंधळलात ना? आता इथे थांबून नावांची यादी करू नका. आपण महाभारत तरी कुठे शंतनूपासून ऐकलं? आजीने भीमाची गोष्ट सांगितली, मग कधीतरी कर्णाची, आणि नाती हळूहळू जुळत गेली. वाचताना एवढंच विचारा : आत्ता कोण घाबरलंय? कशाला? या कॉमिक्समध्ये याचं उत्तर जवळजवळ नेहमी सापडतं. क्लिफला स्पर्श जाणवत नाही, याचं त्याला अतोनात दुःख आहे. जेनची 64 रूपं लहानपणी वडिलांनी केलेल्या अत्याचारातून आली आहेत. हे दोघे भेटतात मनोरुग्णालयात. सगळं विचित्र बाजूला ठेवलं तरी ही दोन माणसं कळतात, आणि म्हणूनच आपण पान उलटतो.

कॉमिक्सचं आणखी एक आहे. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते. तिथे काय घडलं ते वाचकच भरतो. चित्र न बघता नुसते फुगे वाचत सुटणाऱ्याला ‘डूम पट्रोल’ कधीच कळणार नाही. आपल्याकडे वेताळाची कॉमिक्स वाचलेल्यांना ही सवय आहे, पण तिथे कथा सरळ असते. इथे डोळ्यांना जास्त काम पडतं.

सगळेच अंक सारखे चांगले आहेत असं मात्र नाही. काही ठिकाणी लेखक स्वतःच्याच हुशारीवर खूश झालेला दिसतो. ती पानं खुशाल भरभर उलटा.

आणि हो, ही मालिका शाळकरी मुलांच्या हातात देऊ नका. हिंसा आहे, जेनचा भूतकाळ जड आहे. ती आपल्यासाठी.

वर्गात नेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे : ‘क्विझ’ नावाची खलनायिका. तुमच्या मनात न आलेली प्रत्येक शक्ती तिच्याकडे असते! तिला अडवायचं तर शक्तींची नावं भराभर घ्यायची. पाचवी-सहावीच्या मुलांना हा खेळ द्या. एक मूल क्विझ, बाकीच्यांनी फळ्यावर दोन मिनिटांत सुचतील तेवढ्या शक्ती लिहायच्या. उडणं, गायब होणं हे लगेच संपतं. मग क्विझने फळ्यावर नसलेली एक शक्ती सांगायची, आणि इतरांनी तिच्यापासून सुटका कशी करायची ते चार ओळींत लिहायचं. “मला काहीच सुचत नाही” म्हणणाऱ्या मुलालाच आधी क्विझ करा.