दोणभर भात, नाळीभर भात

कोसलनरेश पसेनदी एका जेवणाला दोणभर भात खात असे. ही नोंद संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात आहे. परंपरेच्या हिशेबाने एका दोणात सोळा नाळी धरतात. असाच एकदा पोटभर जेवून, धापा टाकीत, तो तथागतांपाशी येऊन बसला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही आणि त्याच्या भाताला पापही म्हटले नाही. त्यांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो स्मृतिमान आहे आणि समोरच्या अन्नाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात, त्याचे अन्न सावकाश जिरते व आयुष्य जपले जाते. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली, रोज शंभर कहापण देऊ केले आणि जेवणाच्या वेळी ती म्हणण्याचे काम त्याच्यावर सोपविले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला व त्याचे अंग हलके झाले.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही हे सुत्त वर्गात अनेकदा सांगितले. परंतु त्यातील ‘हळूहळू’ या शब्दाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर याची पद्धतच दिली आहे. राजाने शेवटचा घास ठेवून द्यावा, त्यातील शिते मोजावीत आणि पुढच्या वेळी तेवढाच भात कमी शिजवावा. म्हणजे एका जेवणातून एक घास. आजच्या कोणत्याही पुस्तकात वजन उतरविण्याचा याहून संथ मार्ग आमच्या पाहण्यात नाही.

आमचे माजी विद्यार्थी आता चाळिशी-पन्नाशीत आले आहेत. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो, कोणी बोईसरहून रोज लोकलने मुंबई गाठतो. स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीला बसल्यावर खिशांतून गोळ्यांच्या पट्ट्या निघतात आणि विषय वजनावर येतो. महाराष्ट्रात या विषयावर दोन विचार घरोघर पोहोचले आहेत. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते. ऋजुता दिवेकर यांचा भर आपल्या प्रदेशातले अन्न थोडे थोडे, अंतराअंतराने खाण्यावर आहे. पंगतीत मग दोन तट पडतात. दोघांचेही वजन उतरलेले असते, त्यामुळे वाद मिटत नाही. मात्र ‘तुझी गोळी कोणती?’ हा प्रश्न त्या वादात कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

तो आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. मधुमेहाचे निदान होऊन काही वर्षे झाली होती, वजन वाढतच होते. कोणाला न विचारता आम्ही सकाळची न्याहारी सोडली. गोळी मात्र नेहमीप्रमाणे सकाळीच घेत राहिलो. अकराव्या दिवशी नववीच्या वर्गात सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी सांगत असताना हाताला कंप सुटला, सदरा घामाने भिजला आणि फळ्यावर लिहिलेले १८८२ हे साल आम्हालाच वाचता येईना. एका मुलीने वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडे धाव घेतली व साखरेचे पाणी आणले. ती वाडा तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी. तिच्या आजीला असेच होत असे, म्हणून तिला ते कळले. पंधरा मिनिटांत आम्ही सावरलो. आम्हाला लाज वाटली ती पडण्याची नव्हे, तर एवढी साधी गोष्ट वर्गातल्या मुलीला ठाऊक असावी आणि आम्हाला नसावी, याची.

यामागची गोष्ट अशी आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती पाहत नाही. टोचलेले इन्शुलिनही तसेच. अन्न आले नाही तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी असतो. एकाच घरातल्या दोन मधुमेहींना एकच आहार चालेलच असे नाही, ते यामुळे.

वजन उतरवू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवलेल्या मधुमेहींपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभराने औषधांविना आटोक्यात होता. ही बातमी आपल्याकडे पुष्कळ फिरली. तिच्यातला एक तपशील मात्र मागे राहिला. आहार सुरू झाला त्याच दिवशी त्या लोकांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबविल्या होत्या, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते.

आपल्यातले अनेक उपासक-उपासिका वर्षावासात अष्टशील घेतात व दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांनी विनयातील महावग्ग पाहावा. श्रावस्तीत शरद ऋतूतल्या आजाराने भिक्खू कृश झाले, तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे आजाऱ्याला वेळी-अवेळी घेण्याची मुभा दिली. ज्यांनी नियम केला, त्यांनीच तो आजाऱ्यासाठी सैल केला. त्याच ग्रंथात कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा करणे कठीण, हेही सांगितले आहे: जो आपल्याला न मानवणारे करतो, मानवणाऱ्याचीही मात्रा जाणत नाही, औषध घेत नाही, दुःख सोसत नाही आणि आजार जसा आहे तसा सांगत नाही. मानवणारे यासाठी पालीत ‘सप्पाय’ असा सुंदर शब्द आहे. आपल्या मराठीतले ‘पथ्य’ त्याच्या अगदी जवळचे. डाएट सगळ्यांसाठी एक छापता येते, पथ्य त्या त्या माणसाचे असते.

शिरगाव-सातपाटीच्या किनाऱ्यावर याची उदाहरणे दारात सापडतात. सुके बोंबील आणि सुकट प्रथिनांसाठी उत्तम, पण खारवलेल्या मासळीतले मीठ रक्तदाबाच्या माणसाला महाग पडते. शहाळे निर्दोष मानले जाते, परंतु मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्याला त्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते. अशा माणसाने ‘भात बंद, अंडी-मासे भरपूर’ हा सल्ला तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये. आपल्या आदिवासी बांधवांत आणि विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्या रुग्णाने कडक उपवास करून शरीरातले पाणी कमी होऊ दिले, तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. रात्रपाळीवाल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. पाळी बदलली की जेवण बदलते, तेव्हा गोळीची वेळ काय करायची, हे पाळीचे वेळापत्रक दाखवूनच डॉक्टरांना विचारावे.

बाबासाहेब प्रकृतीची पर्वा न करता लिहीत राहिले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण १९४८ च्या आरंभी मधुमेह, पायांच्या वेदना आणि निद्रानाश यांनी ते हैराण झाले, तेव्हा उपचारांसाठी मुंबईला आले, इन्शुलिन घेत राहिले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एका डॉक्टर स्त्रीशी विवाह करून त्यांनी आपली प्रकृती तिच्या हाती सोपविली. भाषणांत हा भाग क्वचितच येतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही पालघरच्या डॉक्टरांपुढे गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मांडल्या आणि न्याहारी सोडल्याचेही कबूल केले. त्यांनी न्याहारी पुन्हा सुरू करायला लावली, ती नागलीच्या भाकरीची. रात्रीच्या भातासाठी घरात एक स्टीलची वाटी ठरविली. आधी अडीच वाट्या भात असे. दर पंधरवड्याला त्यातला एक घास कमी होत गेला, पानावरची जागा वालाच्या बिरड्याने व पालेभाजीने घेतली. पाच महिन्यांनी भात दीड वाटीवर आला, वजन सहा किलोंनी उतरले आणि डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. सुदस्सनाचे काम आमच्याकडे नात करते. ती सात वर्षांची आहे, वाटी मोजून वाढते आणि कहापणांऐवजी रविवारी ताडगोळे मागते.