कळत्या मुलांसह वर्ध्याच्या खेड्यातली उन्हाळी सुट्टी

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात वावर म्हणजे काळी, भेगाळलेली, रिकामी जमीन. कापसाची वेचणी कधीच आटोपलेली असते, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात, तूर-हरभरा घरात येऊन पडलेला असतो आणि उरलेले काम वखरणीचे. हिरवे दिसते ते विहिरीजवळच्या आंब्यावर, एखाद्या ओलिताच्या तुकड्यात, किंवा आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतल्या संत्र्याच्या बागांत. पुण्या-मुंबईच्या घरांत मात्र ‘गावाकडची सुट्टी’ म्हटले की डोळ्यांपुढे श्रावणातली शेते उभी राहतात. आखणीतली पहिली चूक तिथेच होते.

लेखकाच्या कुटुंबाने ती केली. मुलगी सोळा वर्षांची, मुलगा तेराचा; मुक्काम सेलू तालुक्यात मुलांच्या मामाकडे, मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिवसांची वाटणी पुण्यात बसून, नकाशा समोर ठेवून झाली होती: एक दिवस सेवाग्राम-पवनार, एक दिवस गिरड, एक दिवस बोरचे जंगल. नकाशात अंतरे दिसत होती, ऊन दिसत नव्हते. गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या पायऱ्या चढायला सुरुवात झाली तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. निम्म्या वाटेवर मुलगा खाली बसला, त्याला उलटी झाली, आणि सोबतची एकच पाण्याची बाटली तोवर चहाइतकी गरम झाली होती. घरी परतल्यावर मामीने दारातच ऐकवले, ‘या नवतपात कोठं फिरून राह्यले जी पोरायले घेऊन? आमी बाराच्या आत घरात येतो.’ पुढचे तीन दिवस कूलरसमोर गेले. बोरला जाणे झालेच नाही, कारण सफारीचे आरक्षण आधी करावे लागते हे कुणी पाहिलेच नव्हते.

सूर्य साधारण २५ मेला रोहिणी नक्षत्रात जातो. तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असणे वर्ध्यात नवलाचे नाही. याच उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे सुट्टी एप्रिलच्या मध्यावर, परीक्षा संपताच घेता आली तर उत्तम. तेव्हाही पारा चाळिशी ओलांडतोच, पण पहाटे गारवा असतो आणि रात्री गच्चीवर झोप लागते. मे टाळता येत नसेल तर निदान नवतपा टाळावा. यजमानांच्या घरी किंवा भावकीत लग्न आहे का, हेही आधी विचारावे. लग्नाच्या घरात पाहुण्यांना जागा मिळते, मुलांना मात्र कोपराही मिळत नाही.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. लग्नसराईत तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून आरक्षण उघडेल त्याच सकाळी तिकीट काढावे. वर्धा शहराच्या अंगाला वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन जंक्शने आहेत. मुंबई-पुण्याकडून नागपूरला जाणाऱ्या बहुतेक गाड्या वर्ध्याला थांबतात. दक्षिणेकडून बल्लारशाहमार्गे येणाऱ्यांचा थांबा सेवाग्राम. नावांचा हा घोळ या भागाला नवा नाही. गांधीजी १९३६ मध्ये ज्या शेगावात राहायला आले, त्याचे टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मोटारीने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे. पण सरळ, रिकामा, तापलेला रस्ता चालकाला पेंग आणतो, शिवाय मे महिन्यात टायर फुटण्याची धास्ती वेगळी. पहाटे निघून दहाच्या आत पोचणे शक्य नसेल तर वाटेत मुक्काम करावा.

नातेवाइकांचे घर असो की कृषी पर्यटन केंद्र, काही गोष्टी फोनवरच स्पष्ट विचाराव्यात. इटलीत शेतघरातल्या पाहुणचारासाठी १९८५ मध्येच कायदा झाला, आणि शेती मुख्य, पाहुणचार जोडीला, ही त्यातली मूळ अट. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण आले २०२० मध्ये. धोरण काहीही म्हणो, मे महिन्यात शेतावर प्रत्यक्ष काय चालू असते हे शेतकऱ्यालाच विचारलेले बरे. ‘सगळं दाखवतो’ हे उत्तर पुरेसे नाही. त्याखेरीज कूलर किती आणि त्यांत टाकायला पाणी पुरते का, नळ रोज येतो की दिवसाआड, रात्री वीज जाते का, हे विचारण्यात संकोच नसावा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभरात बादल्यांवर बादल्या पाणी पितो. टंचाईच्या गावात चार पाहुण्यांचा कूलर म्हणजे यजमानांच्या घरातल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

लहान मूल आजीच्या कुशीत कुठेही झोपते. सोळा वर्षांच्या मुलीला आतून कडी लागणारी मोरी आणि कपडे बदलायला स्वतंत्र खोली लागते, आणि ते ती मामीला सांगणार नाही. मासिक पाळीचे सामान शहरातूनच न्यावे. काही घरांत अजून शिवाशीव पाळतात. तसे असेल तर मुलीला ते निघण्यापूर्वी कळावे, आणि त्या दिवसांत काय करायचे हे आईने आधीच यजमानीणबाईंशी बोलून ठरवावे. तिथे गेल्यावर वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडते. मोबाइलचेही तसेच. रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात येते हे पहिल्या तासाभरात मुलांना कळतेच. फोन काढून घेण्याने काही साधत नाही. लेखकाच्या घरी मुलीची कुरकुर थांबली ती तिसऱ्या दिवशी, मामीने तिला पहाटे चारला कुरडयांचा चीक घाटायला उठवले तेव्हा. मोठ्या कढईत गव्हाचा चीक खदखदत असतो आणि लाकडी घाटणा क्षणभरही थांबवता येत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मग सोऱ्यातून कुरडया पाडायच्या आणि उन्हाच्या आधी सगळे आटपायचे. दंड भरून आले, पण त्या सकाळी तिला रेंज आठवली नाही. कळत्या वयाच्या मुलांना प्रेक्षणीय स्थळांपेक्षा खरे, चुकले तर नुकसान होईल असे काम दिले तर ती रमतात.

म्हणून दिवस उन्हाच्या हिशेबाने बांधावा. पहाटे पाच ते साडेनऊ बाहेर, दुपारी अंधाऱ्या खोलीत जेवण, पत्ते आणि झोप, साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. गवळाऊ जातीच्या पांढऱ्या गाई हा या जिल्ह्याचाच वाण आहे. आर्वी-कारंजाकडच्या नंद गवळ्यांच्या कळपात सकाळची धार पाहायला मिळते. आंबे उतरवणे, लोणच्याच्या कैऱ्या फोडणे, संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे भाजणे ही मे महिन्याची कामे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण तिची काढणी आणि शिजवणी तोवर उरकलेली असते. त्यासाठी मुद्दाम जाऊ नये.

स्थळे दिवसाला एकच धरावीत. सेवाग्रामला पहाटेच जावे. आदि निवास आणि बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहेत. गावात मिळेल त्याच सामानातून आणि पाचशे रुपयांच्या आत झोपडी व्हावी, असे गांधीजींचे सांगणे होते. आत गेल्यावर बाहेरच्यापेक्षा गार वाटते, आणि घर थंड कसे ठेवायचे याचा तो धडा पुस्तकातल्यापेक्षा चांगला आहे. मुलांचे लक्ष मात्र दुसरीकडेच जाते. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेला लाकडी चिमटा आणि पेटी तिथे आहे, आणि व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेल्या टेलिफोनची खोलीही. या दोन वस्तूंवरून मुले जितके प्रश्न विचारतात तितके चरख्यावरून विचारत नाहीत. पवनार संध्याकाळसाठी ठेवावे. धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम लहान आहे. खोदताना सापडलेले भरत-रामाचे शिल्प तिथेच आहे, आणि १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिरातल्या बहिणी तो चालवतात. वर्धा शहरातले मगन संग्रहालय १९३८ मधले. त्याला छप्पर आहे, त्यामुळे ऊन चढू लागल्यावरही तिथे तासभर जातो. केळझरचा गणपती नागपूर रस्त्यावर आहे, येता-जाता होतो.

बोर हा देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७० चे अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. उन्हाळ्यात पानगळ झालेली असते आणि जनावर पाणवठ्यावर येते, म्हणून नजरेला पडण्याची शक्यता मेमध्येच जास्त. सकाळची फेरीच धरावी. दुपारच्या फेरीत उघड्या जिप्सीत पहिला तासभर अंगावर गरम वाफ येते. आरक्षणासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र लागते, मुलांचेही. आठवड्याचा सुट्टीचा दिवस पाहून मगच तारीख ठरवावी. हे सगळे काम सोळा वर्षांच्या मुलीकडे द्यायला हरकत नाही. ती ते बापापेक्षा नीट करते.

ऊन लागल्याची पहिली चिन्हे डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि भरपूर घाम. तेव्हा सावली, ओली फडकी आणि मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने. पन्हे आणि ताकही चालते. तळपायाला कांदा चोळतात. त्याने अपाय नाही, पण त्यात वेळ घालवू नये. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. तोंडावाटे काही न देता अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा आणि १०८ ला फोन करावा. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथे मोठी रुग्णालये आहेत. मुक्कामाच्या गावापासून त्यांतले जवळचे कोणते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

पाण्याची भीती उन्हाइतकीच. शहरातल्या तरणतलावात पोहणारा मुलगा धाम नदीच्या डोहात किंवा बोर धरणात उतरायला मागतो. नदीपात्रात रेती उपसल्याचे खड्डे असतात, धरणाच्या काठाला गाळ असतो, आणि दोन्ही वरून दिसत नाहीत. गावातली पोहणारी पोरे जिथे उतरत नाहीत तिथे पाहुण्यांनी उतरू नये. रात्री अंगणात झोपताना बाज आणि मच्छरदाणी हवी. मण्यार जमिनीवर झोपलेल्यालाच जास्त गाठतो. सकाळी चप्पल झटकून घालावी, विंचवासाठी.

यजमानांसाठी शहरातून मिठाई नेण्यापेक्षा मुलांच्या मामेभावंडांसाठी पुस्तके न्यावीत. दारूची बाटली सामानात चुकूनही असू नये. जिल्ह्यात अर्धशतकापासून दारूबंदी आहे. परतताना वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक घ्यावा आणि स्टेशनाकडे रिक्षा वळवण्याआधी तिकिटावर वर्धा लिहिले आहे की सेवाग्राम, ते वाचून घ्यावे.